शिडाच्या जहाजांच्या लाकडी प्रतिकृती : नकाशापासून दोरखंडापर्यंत

शिडाच्या जहाजाचे, मूळ मापांशी निश्चित प्रमाण राखून केलेले लहान लाकडी रूप बांधणे हा जगभर रुजलेला आणि चिकाटीची कसोटी पाहणारा छंद आहे. शोभेच्या वस्तूंच्या दुकानात मिळणारे गलबत आणि छांदिष्टाने बांधलेली प्रतिकृती यांत फरक असतो तो प्रमाणाचा. शोभेच्या गलबताची डोलकाठी डोळ्यांना बरी दिसेल तेवढी उंच असते. प्रतिकृतीची डोलकाठी मूळ डोलकाठीच्या उंचीला ४८ ने किंवा ७२ ने भागून येईल तेवढीच असते. हा भागाकार एकदा मान्य केला की पुढचे सारे कष्ट ओघाने येतात.

छंद युरोप-अमेरिकेत अधिक फोफावला असला, तरी त्याचा विषय आपल्या किनाऱ्याला परका नाही. पोर्तुगीज नौदलाची शेवटची लाकडी शिडाची युद्धनौका ‘दोम फर्नांदो दुसरा इ ग्लोरिया’ ही दमणच्या गोदीत, नगरहवेलीच्या जंगलातील सागवानातून बांधली गेली. पोर्तुगीज नोंदींत ‘यादो सेमोजी’ असे नाव आढळणारा स्थानिक नौकाबांधणीकार त्या कामावर होता. २२ ऑक्टोबर १८४३ रोजी तिचा सांगाडा पाण्यात उतरला आणि डोलकाठ्या, शिडे व दोरखंड चढवण्यासाठी तो ओढत गोव्यात आणला गेला. पहिली सफर तिने १८४५ मध्ये गोव्याहून लिस्बनपर्यंत केली. १९६३ मध्ये आगीत ती जवळजवळ नष्ट झाली. १९९०च्या दशकात तिची पुन्हा उभारणी होऊन १९९८च्या लिस्बन प्रदर्शनात ती लोकांसमोर आली. आज ती तेजू नदीच्या पैलतीरावर कासिल्यास येथे पाहता येते.

मुंबई गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ हीदेखील अशीच सागवानी युद्धनौका. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ती जलावतरित झाली आणि आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगत उभी आहे. तिच्या नकाशांची कथा प्रतिकृती बांधणाऱ्याने लक्षात ठेवावी अशी आहे. इंग्लंडहून मुंबईला नकाशे घेऊन निघालेली ‘जावा’ ही नौका १८१२च्या अखेरीस ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने जिंकून नष्ट केली. नकाशे गेले. त्यांच्या नव्या प्रती मुंबईत पोहोचेपर्यंत सागवान, सुतार आणि गोदी सारे असूनही काम खोळंबून राहिले. (ती ‘कॉन्स्टिट्यूशन’ आज छांदिष्टांच्या सर्वांत आवडत्या नौकांपैकी एक आहे, हा योगायोग मजेचा.) छंदातही गोष्ट तीच आहे. ज्या जहाजाचा नकाशा उरला, त्याच्या प्रती जगभर बांधल्या जातात. ज्याचा उरला नाही, ते हळूहळू आठवणीतूनही जाते.

जुनी परंपरा

नौकेचे लहान रूप घडवण्याची प्रथा फार जुनी आहे. इजिप्तच्या थडग्यांत मृताच्या प्रवासासाठी वल्हेकऱ्यांसह लाकडी नावा ठेवल्या जात. लोथलच्या उत्खननात भाजक्या मातीची छोटी नौका मिळाली आहे. या वस्तू धार्मिक वा खेळण्याच्या; त्यांत मापाचा आग्रह नव्हता.

युरोपात खलाशी नवस फेडण्यासाठी चर्चमध्ये जहाजाची प्रतिकृती टांगत. कातालोनियातील मातारो गावाशी निगडित अशी पंधराव्या शतकातील एक प्रतिकृती सध्या रॉटरडॅमच्या सागरी संग्रहालयात आहे. कोलंबसाच्या आधीच्या पिढीतील मोठ्या जहाजांचे नकाशे नाहीत. कारण ती नकाशावरून बांधलीच जात नव्हती. त्यामुळे त्या काळची जहाजबांधणी समजून घेताना अभ्यासक या नवसाच्या वस्तूकडे वळतात. ती घडवणाऱ्या हाताला नौकेची जोडणी ठाऊक होती, हे तिच्या अंतर्भागावरून दिसते.

सतराव्या शतकाच्या मध्यापासून इंग्लंडमध्ये नौदलाच्या मंडळासाठी बारीक कलाकुसरीच्या प्रतिकृती होऊ लागल्या. त्यांचे प्रमाण बहुधा १:४८ असे आणि तळाकडील भागावर फळ्या न ठोकता आतल्या फासळ्या उघड्या ठेवत. नेपोलियनच्या युद्धांत इंग्लंडमध्ये कैद झालेल्या फ्रेंच खलाशांनी पीटरबरोजवळील नॉर्मन क्रॉस येथील छावणीत जेवणातून उरलेल्या हाडांची जहाजे घडवून विकली. त्यांची प्रमाणे अनेकदा चुकलेली असतात, पण ज्या हातांनी खरे दोर ओढले त्यांनीच ते दोर बांधलेले आहेत.

नकाशा आणि प्रमाण

जहाजाच्या आराखड्यात तीन दृश्ये असतात : बाजूने, वरून आणि समोरून. समोरच्या दृश्यात ठरावीक अंतरावरचे आडवे छेद एकावर एक रेखलेले असतात. नवख्याला तो रेषांचा गुंता वाटतो; पण जहाजाचे पोट कोठे फुगते आणि कोठे आवळते हे केवळ तिथेच कळते. ब्रिटिश नौदलाच्या जुन्या आराखड्यांचा मोठा संग्रह ग्रिनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात आहे. ग्रंथांपैकी डॉ. नेपियन लाँगरिज यांचे नेल्सनच्या जहाजांवरील पुस्तक (१९५५), झाँ बुद्रियो यांचा ७४ तोफांच्या फ्रेंच युद्धनौकेवरील चार खंडांचा ग्रंथ (१९७३–७७) आणि जेम्स लीस यांचे इंग्रजी युद्धनौकांच्या डोलकाठ्या व दोरखंडांवरील पुस्तक (१९७९) ही छांदिष्टांची आधारस्थाने आहेत.

१:४८ म्हणजे मुळातल्या एका फुटाला प्रतिकृतीत पाव इंच. ‘ट्रिंकोमाली’च्या तोफांच्या मजल्याची लांबी सुमारे १५० फूट आहे. १:४८ मध्ये ती साडेसदतीस इंच होते, आणि पुढे निघालेली तिरकी काठी धरली तर प्रतिकृती सव्वा मीटरच्या पुढे जाते. घरात तेवढी जागा नसेल तर १:९६ घ्यावे लागते. मग तीच लांबी पावणेएकोणीस इंचांवर येते, पण साडेपाच फुटांचा खलाशी जेमतेम पावणेदोन सेंटिमीटरचा उरतो आणि त्याच्या हाताच्या उंचीचा कठडा काडीएवढा. प्रमाण निवडणे म्हणजे बारकावे किती दाखवायचे आणि दृष्टीला किती ताण द्यायचा हे ठरवणे. प्रतिकृती तयार झाल्यावर तिच्या दारात, जिन्यावर आणि तोफेपाशी त्या प्रमाणातला कागदी माणूस उभा करून पाहावा. दार त्याच्या कमरेएवढे निघाले तर कोठेतरी भागाकार चुकला आहे.

सांगाडा आणि फळ्या

सांगाडा बांधण्याच्या तीन रीती प्रचलित आहेत. सर्वांत सोपी म्हणजे सलग ठोकळा, किंवा पातळ फळ्यांचे थर एकमेकांवर चिकटवून झालेला ठोकळा, कोरून आकार देणे. दुसऱ्या रीतीत प्लायवूडच्या उभ्या कण्यावर आडवे छेद बसवून त्यांवर फळ्यांचे वेष्टन चढवतात. बाजारात संचरूपाने मिळणारी बहुतेक जहाजे याच पद्धतीची असतात. इटलीतील आमाती, मांतुआ व कोरेल, स्पेनमधील आर्तेसानिया लातिना व ओक्रे, डेन्मार्कमधील बिलिंग बोट्स, अमेरिकेतील मॉडेल शिपवेज हे या संचांचे परिचित निर्माते. तिसरी रीत खऱ्या गोदीची. तळाचा कणा, ज्याला आपल्याकडील नौकाबांधणीत पठाण म्हणतात, तो आधी; मग त्यावर एकेक फासळी, म्हणजे वांक, अनेक तुकडे जोडून; आणि शेवटी फळ्या. या रीतीत चूक झाकायला जागा नसते.

फळ्या चढवणे ही या छंदातील पहिली खरी परीक्षा. नवखा मनुष्य सर्व फळ्या सारख्या रुंदीच्या घेतो, मधल्या भागात त्या सुरेख बसतात आणि नाळेजवळ पोहोचताच एकमेकींवर चढू लागतात. कारण साधे आहे. जहाजाचा घेर मध्यभागी मोठा आणि टोकांना लहान असतो, आणि फळ्यांची संख्या मात्र तीच राहते. म्हणून प्रत्येक फळी टोकाकडे निमुळती केली पाहिजे. प्रत्येक छेदावरचा घेर कागदाच्या पट्टीने मोजायचा, फळ्यांच्या संख्येने भागायचा आणि त्या त्या ठिकाणची रुंदी फळीवर आखून घ्यायची. फळी मूळ रुंदीच्या निम्म्याहून अरुंद होऊ लागली तर तिथे दोन फळ्यांची एक करतात. पिछाडीकडे फट रुंदावली तर जादा पाचर घालतात. खऱ्या सुतारांनीही हेच केले, म्हणून या तडजोडीला लाजण्याचे कारण नाही.

लांबीचेही पथ्य आहे. चोवीस फुटांची खरी फळी १:४८ मध्ये सहा इंचांची होते. नाळेपासून पिछाडीपर्यंत एकच सलग पट्टी चिकटवली तर काम लवकर उरकते, पण त्या काळी एवढे लांब झाड कोणी पाहिले नव्हते. जोड दाखवावे लागतात, आणि शेजारच्या दोन फळ्यांचे जोड एका रेषेत येऊ द्यायचे नसतात. पट्टी वाकवण्यापूर्वी पाण्यात भिजवून उष्णता देतात, वाकवून वाळू देतात आणि मगच सरस लावतात. ओली पट्टी चिकटवली तर वाळताना ती आक्रसते आणि महिनाभराने प्रत्येक सांधा उघडा पडतो.

हत्यारे फार लागत नाहीत : बारीक पात्याची करवत, धारदार सुरी, लहान रंधा, पटाशी, चिमटे, हाताने फिरवायचे छोटे ड्रिल, पॉलिश पेपर. फळी दाबून धरायला कपड्यांचे चिमटे उत्तम.

लाकूड

मूळ जहाज सागवानाचे होते म्हणून प्रतिकृतीही सागवानाची असावी, असे अनेकांना वाटते. ते बरोबर नाही. सागाचे रेषे आणि छिद्रे ठसठशीत असतात. ती ४८ पटींनी लहान होत नाहीत. परिणामी सागवानी प्रतिकृतीवरची फळी खऱ्या प्रमाणात पाहिली तर बोटभर रुंद भेगांनी भरलेली दिसते. म्हणून युरोपात बॉक्सवूड, पेअर, मेपल अशी घट्ट, एकसारख्या पोताची लाकडे वापरतात. आपल्याकडे त्यांच्या जवळ जाणारी लाकडे आहेत. हळदूचे पिवळसर लाकूड बारीक पोताचे असून कंगवे व कातीव कामासाठी वापरले जाते. काळ्या कुड्याचे पांढरे लाकूड चन्नपट्टणच्या खेळण्यांमुळे प्रसिद्ध आहे. तासलेल्या डेकसाठी ते शोभते. शिवण कापायला सोपे, स्थिर, आणि आतल्या ठोकळ्यांसाठी पुरेसे. सुताराच्या कारखान्यातील उरलेले तुकडे हा बहुतेकांचा पहिला पुरवठा असतो, आणि तुकडा जितका जुना, तितका तो पुढे कमी हलतो. शिसवीसारख्या गडद लाकडांची धूळ मात्र श्वसनमार्गाला त्रासदायक ठरते. घासताना नाकतोंड झाकावे.

दोरखंड

शिडाचे जहाज ओळखले जाते ते त्याच्या दोरांच्या जाळ्यावरून, आणि प्रतिकृती फसते तीही तिथेच. दोर दोन प्रकारचे. डोलकाठ्यांना जागेवर धरून ठेवणारे स्थिर दोर डांबराने काळपट झालेले असतात. शिडे आणि परभाणे (शीड ज्यावर ताणतात त्या काठ्या) हलवणारे चल दोर फिकट असतात. दोन्हींना एकच रंग देणे ही दुकानातल्या गलबतांची खूण आहे.

मापाची एक चूक तर अनुभवी लोकांकडूनही होते. जुन्या याद्यांत दोराचे माप त्याच्या परिघाने देत, व्यासाने नव्हे. ‘सहा इंची दोर’ म्हणजे परीघ सहा इंच. व्यास दोन इंचांहून किंचित कमी. १:४८ मध्ये तो सुमारे एक मिलिमीटर होतो. सहा इंच हा व्यास समजला तर तीन मिलिमीटरहून जाड दोर बसवला जातो आणि सारे जहाज सुतळीने बांधल्यासारखे दिसते. योग्य जाडीचा दोर बाजारात मिळतोच असे नाही. म्हणून अनेक छांदिष्ट लहान पिळयंत्र करून बारीक धाग्यांचा दोर स्वतः वळतात.

डोलकाठीच्या दोन्ही बाजूंना खाली उतरणारे दोर तीन भोकांच्या गोल लाकडी ठोकळ्यांच्या जोड्यांनी ताणलेले असतात. त्यांवर खलाशांना चढण्यासाठी आडव्या दोऱ्यांच्या पायऱ्या असतात, एकमेकींपासून तेरा ते पंधरा इंचांवर. म्हणजे १:४८ मध्ये सात-आठ मिलिमीटरवर. प्रत्येक दोरीला प्रत्येक उभ्या दोरावर गाठ. तीन डोलकाठ्यांच्या नौकेत अशा गाठी हजाराच्या पुढे जातात. हे काम रोज अर्धा-पाऊण तासच करावे. कंटाळलेल्या हाताने मारलेली गाठ उभ्या दोराला आत ओढते आणि सरळ रेषेत हवी असलेली शिडी वाळूच्या घड्याळासारखी मध्ये आवळते.

शिडे लावायचीच असा नियम नाही. कापडाची वीण प्रमाणात लहान करता येत नाही, आणि ताणलेले शीड महिनोन्‌महिन्यांचे दोरकाम झाकून टाकते. अनेक उत्तम प्रतिकृती उघड्या परभाणांच्याच असतात.

पाऊस, बुरशी, काच

किनारपट्टीवर हा छंद ऋतुमानाप्रमाणे चालवावा लागतो. पावसाळ्यात लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगते, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून जुलैत घट्ट बसवलेले डेक जानेवारीत फटी दाखवते. फळ्यांचे काम कोरड्या महिन्यांत उरकून पावसाळा डोलकाठ्या, तोफगाडे आणि सुट्या भागांसाठी ठेवणे सोयीचे. सुती धागाही हवेतील ओलाव्याने ताणतो-सैलावतो. दोर फार कसून बांधले तर बारीक काठी वाकते.

पूर्ण झालेली प्रतिकृती काचपेटीत ठेवावी, कारण दोरांवर बसलेली धूळ निघत नाही. पेटी मात्र हवाबंद नको. काही लाकडे, प्लायवूड व सरस यांतून आम्लयुक्त वाफा निघतात आणि कोंडलेल्या हवेत शिशाच्या तोफा व नांगर पांढऱ्या भुकटीत रूपांतरित होतात; संग्रहालयांतील जुन्या प्रतिकृतींना हा रोग लागल्याचे आढळते. तळाशी व पाठीशी जाळी लावलेली छिद्रे ठेवली की बुरशीचेही निम्मे भय जाते.

काय बांधावे

नवखा माणूस बहुधा ‘व्हिक्टरी’पासून सुरुवात करतो : तीन डोलकाठ्या, १०४ तोफा, ट्रफल्गारची कीर्ती. असे संच अर्धवट अवस्थेत माळ्यावर पडलेले असतात. एका डोलकाठीची होडी काही महिन्यांत पुरी होते आणि फळी, दोर, गाठ हे तिन्ही शिकवते. मोठ्या युद्धनौकेला नोकरी सांभाळून तीन-चार वर्षे सहज लागतात.

मराठी छांदिष्टाला साहजिकच आंग्र्यांचे गुराब किंवा गलबत बांधावेसे वाटते, आणि इथे अडचण सुरू होते. या नौकांचे बांधणीचे आराखडे हाती नाहीत. अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने केलेले वर्णन हा मुख्य आधार : दोन, क्वचित तीन डोलकाठ्यांचे गुराब, तीन डोलकाठ्यांचे सुमारे ३०० टनांपर्यंत, रुंद मध्यभाग आणि पुढे भूमध्य समुद्रातील गलींसारखी निघालेली चोच, गलबत ७० टनांच्या आतले, चाळीस-पन्नास वल्ह्यांचे. यावरून चित्र उभे राहते, पण फासळीचा बाक मिळत नाही. गोव्यातील कदंबकालीन वीरगळांवर नौकायुद्धाची दृश्ये कोरलेली आहेत. तीही दगडाच्या चौकटीत बसवण्यासाठी आखूड केलेली. अशा नौकेची प्रतिकृती करताना कोणता भाग पुराव्यावर आणि कोणता अंदाजावर उभा आहे, हे पेटीवरच्या चिठ्ठीत लिहिणे प्रामाणिकपणाचे. बाजारातील पुष्कळ ‘मराठा आरमारा’च्या प्रतिकृती ही चिठ्ठी लावत नाहीत.

अंदाजाचे कामही शिस्तीने करता येते. नौदलाची ‘कौंडिण्य’ ही शिवलेली नौका अजिंठ्याच्या पाचव्या शतकातील चित्रावरून कल्पिली गेली. आराखडा उपलब्ध नव्हताच. गोव्यातील होडी इनोव्हेशन्स या कारखान्यात केरळच्या कारागिरांनी तिच्या फळ्या काथ्याने शिवल्या. त्याआधी मद्रास आयआयटीत लहान प्रतिकृतीवर पाण्यातील चाचण्या झाल्या, आणि मे २०२५ मध्ये कारवार येथे ती नौदलात दाखल झाली. मोठ्या जहाजाआधी लहान जहाज बांधले गेले, आणि शंका त्या लहान जहाजाला विचारल्या गेल्या.

ज्यांना कोणाच्याही अंदाजावर विसंबायचे नाही, त्यांच्यासाठी किनाऱ्यावर अजून काही उरले आहे. गोव्यात रापणीसाठी वापरल्या जाणाऱ्या काथ्याने शिवलेल्या होड्यांवर सागरी पुरातत्त्वाच्या अभ्यासकांनी लिहिले आहे; फायबरच्या होड्या आल्यावर त्या मागे पडल्या. जिथे अशी एखादी होडी माडाखाली उपडी पडलेली असेल, तिथे नकाशा स्वतःच करता येतो. मालकाची परवानगी घेऊन होडी सुलटी व समपातळीत ठेवायची, नाळेपासून पिछाडीपर्यंत मधोमध दोरी ताणायची, दर फुटावर ओळंबा सोडून खोली आणि आडव्या पट्टीने रुंदी मोजायची. दोन्ही बाजू मोजायच्या, कारण हाताने बांधलेली होडी दोन्हीकडे सारखी क्वचितच असते. फळ्या किती, जोड कोठे, शिवणीची भोके किती अंतरावर, सांध्यावर काथ्याची वात आतून की बाहेरून, हे लिहून घ्यायचे. प्रत्येक छायाचित्रात मोजपट्टी ठेवायची. लाकूड कोणते आणि त्या भागाला गावात काय म्हणतात, हे जुन्या सुताराला विचारायचे, आणि तो सांगेल तोच शब्द नकाशावर घालायचा.

तीस फुटांची होडी १:१० मध्ये तीन फुटांची होते. या प्रमाणात शिवण खरीच घालता येते : अर्ध्या मिलिमीटरच्या सुमाराची भोके, काथ्याऐवजी तपकिरी रंगवलेला सुती दोरा, सांध्यावर दाबून बसवलेली धाग्यांची वात. पहिल्या दोन फळ्या शिवायला दोन रविवार जातात. तिसऱ्या फळीपासून हात बसतो.